खोट्या कुस्तीतले सख्खे भाऊ



आज मी कशावर बोलणार आहे हे घरी सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा बायको हसली आणि मग मुलगी. पंचेचाळिशीला टेकलेला गृहस्थ रेडिओवर जाऊन डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्त्यांबद्दल बोलणार! पण माझ्या वयाची जी मंडळी ऐकत असतील, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात ते पत्त्यांचे डाव अजून कुठंतरी पडलेले असतील. पैलवानाचा फोटो, खाली रँक, उंची, वजन, छाती, दंड. आम्ही शाळेच्या मागच्या बाकावर ते खेळायचो आणि जप्तही करून घ्यायचो. माझ्याकडे ब्रेट हार्टचा पत्ता होता. तो मी कुणालाही कधी दिला नाही, अगदी डाव हरलो तरी.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं. आजोबा तालमीत वाढलेले. कुस्तीनं सुजून चपटे झालेले कान, म्हातारपणीही जाड राहिलेली मान. शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात त्यांनी मोठमोठ्या कुस्त्या पाहिलेल्या. नव्वदीच्या दशकात घरात केबल आली आणि मी गुलाबी-काळ्या पोशाखातला ब्रेट हार्ट बघत बसायला लागलो, तेव्हा ते पाच मिनिटं उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, ‘‘नुरा हाय रं ही, नुरा. आधी ठरवून आल्यात दोघं.’’ नुरा कुस्ती म्हणजे काय, हे आपल्याकडं आता राजकारणामुळं सगळ्यांना ठाऊक झालंय.

आजोबांचं म्हणणं खोटं नव्हतं. खुद्द त्या कंपनीनंच १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात सांगून टाकलं होतं, की आमचा हा खेळ म्हणजे क्रीडा नव्हे, करमणूक आहे. क्रीडा म्हटलं की सरकारी नियम आणि शुल्क आलं, करमणूक म्हटलं की त्यातून सुटका. म्हणजे गुपित फुटलं तेही पैशापायी! त्याच्याही आधी, १९५७ साली आलेल्या एका पुस्तकात रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकानं या कुस्तीला खेळ न मानता नाट्य मानलं होतं. तेव्हा ‘हे खोटं आहे’ असं सांगून कुणी माझ्यावर उपकार करत नाही. नाटकाला गेलेल्या माणसाला ‘अहो, तो राजा खरा राजा नाही’ असं सांगण्यासारखंच ते.

मला बोलायचंय ते एका घराबद्दल. कॅनडातल्या कॅल्गरी शहरातले स्टू हार्ट हे जुने मल्ल आणि कुस्त्या भरवणारे. त्यांच्या घराच्या तळघरात तालीम होती. तिचं नाव ‘डंजन’, म्हणजे अंधारकोठडी. स्टू आणि हेलन या जोडप्याला बारा मुलं, आठ मुलगे आणि चार मुली. मुलगे सगळे या ना त्या प्रकारे कुस्तीत, आणि चारही जावई मल्लच! या गोतावळ्यातला ब्रेट १९५७ सालचा, आणि सगळ्यांत धाकटा ओवेन १९६५ सालचा. आठ वर्षांचं अंतर. थोरला चॅम्पियन, धाकटा गुणी, पण कायम थोरल्याच्या सावलीत. कथा लिहिणाऱ्यांना आणखी काय हवं होतं?

ती कथा त्यांनी फार सावकाश रचली. १९९३च्या नोव्हेंबरात चार हार्ट भाऊ एकत्र लढले आणि त्यांच्यातला एकटा ओवेनच बाद झाला, तोही ब्रेटशी धडक बसून. पुढं जानेवारीत दोघं भाऊ जोडीनं उतरले. ब्रेटचा गुडघा दुखावलेला, ओवेन बाहेर हात पुढं करून उभा. ब्रेटनं हात दिला नाही, स्वतःच लढत राहिला आणि पंचानं कुस्ती थांबवली. तेव्हा ओवेननं थोरल्या भावाच्या त्याच दुखऱ्या पायावर लाथ घातली. आम्ही शाळेत दोन दिवस यावर भांडलो. माझ्यासारखे थोरले ब्रेटच्या बाजूला, आणि ज्यांना घरी दादा होते ते सगळे गुपचूप ओवेनच्या बाजूला.

२० मार्च १९९४. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रेसलमेनिया दहा. रात्रीची पहिलीच कुस्ती या दोघांची. आमच्याकडं हे सगळं उशिरा आणि तुकड्या-तुकड्यांनी दिसायचं, पण मी ती कुस्ती नंतर पुरी कितीदा पाहिली असेल याचा हिशोब नाही. वीसेक मिनिटं. खुर्च्या नाहीत, रक्त नाही, कुणी मधे घुसत नाही. ब्रेट सुरुवातीला धाकट्यावर हात उगारायलाही तयार नाही. त्याचा चेहरा पाहा, भावाशी लढायची वेळ आलेल्या माणसाचा चेहरा आहे तो. ओवेन मात्र प्रत्येक छोटी पकड सुटली की जग जिंकल्यासारखा नाचतो. शेवटी ब्रेट त्याच्या खांद्यावर चढून त्याला पुढं लोळवून चितपट करायला जातो, तेव्हा ओवेन फक्त खाली बसतो. एवढंच. ब्रेट खाली दाबला जातो, पंचाचे तीन हात पडतात. धाकटा जिंकला, आणि कसलीही लबाडी न करता जिंकला.

मला वाटतं, इथंच या कथेची खरी करामत आहे. खलनायकाला लबाडीनं जिंकवणं सोपं असतं. त्याला स्वच्छ जिंकवलं की प्रेक्षकाच्या मनात किडा वळवळायला लागतो, म्हणजे हा खरंच तेवढा चांगला होता की काय? त्याच रात्री शेवटच्या कुस्तीत ब्रेटनं योकोझुनाला हरवून विजेतेपद मिळवलं. बाकीचे मल्ल रिंगणात येऊन त्याला खांद्यावर घेतात. आणि खाली वाटेवर ओवेन उभा. सकाळीच ज्याला मी हरवलं तो आता जगज्जेता, आणि मी कोण? एक शब्दही न बोलता हे सगळं कळतं. (सकाळी म्हणालो मी. होती सगळी एकाच संध्याकाळची गोष्ट, पण मनात ती तशीच बसलीय.)

ऑगस्टमध्ये शिकागोत दोघं पोलादी पिंजऱ्यात लढले. अर्धा तास आणि वर. आई-बाप, भावंडं पुढच्या रांगेत. ब्रेट खाली उतरला आणि ओवेन पाय जाळीत अडकून उलटा लटकत राहिला. ती कुस्ती मोठी म्हणून नावाजतात. मला ती थोडी लांबलेली वाटते. पण त्यानंतर नोव्हेंबरात जे झालं त्यानं आमचे आजोबा खुर्चीत पुढं सरकून बसले, ते सांगायलाच हवं.

सॅन अँटोनियो शहर, २३ नोव्हेंबर १९९४. ब्रेटची लढत बॉब बॅकलंडशी. अट अशी, की चितपटीला मोल नाही. बाहेर उभ्या असलेल्या आपल्या माणसानं टॉवेल आत टाकला की आपण हरलो. आता हा बॅकलंड कोण? तर १९८३ साली इराणच्या आयर्न शेखशी लढताना त्याच्या मॅनेजरनं असाच टॉवेल टाकल्यामुळं त्याचं विजेतेपद गेलं होतं. ‘मी हार मानलीच नव्हती’ हे खूळ तो डोक्यात घेऊन बसलेला. अकरा वर्षांपूर्वीचा टॉवेल कथेत पुन्हा आणायचा, म्हणजे प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीवर केवढा विश्वास! आजच्या मालिकांना मागच्या महिन्यातलं आठवत नाही.

ब्रेटच्या बाजूला टॉवेल घेऊन त्याचा मेहुणा डेव्ही बॉय स्मिथ. बॅकलंडच्या बाजूला ओवेन. मेहुणा ओवेनच्या मागं धावताना लोखंडी पायऱ्यांवर आपटून बेशुद्ध पडला. तेवढ्यात बॅकलंडनं ब्रेटला आपल्या पकडीत आवळलं. मिनिटांमागून मिनिटं गेली, ब्रेट सुटेना, आणि टॉवेल टाकणारा तर जमिनीवर पडलेला. तेव्हा ओवेनला एकदम भावाचा कळवळा आला. तो रडायला लागला. पुढच्या रांगेत बसलेल्या आईजवळ गेला. ब्रेट मोडेल, त्याला वाचव, टॉवेल तू टाक, असं विनवायला लागला. बाप तयार होईना. बापाला आपला पोरगा माहीत होता. पण आई ती आई. म्हातारीनं टॉवेल उचलला आणि आत टाकला. घंटा वाजली, ब्रेटचं विजेतेपद गेलं, आणि ओवेन, मघाशी ढसाढसा रडणारा ओवेन, खदखदून हसत आत पळाला.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आईला फसवलं रं त्यानं.’’ मी म्हटलं, ‘‘आजोबा, नुरा आहे ना ती?’’ तर माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की मी गप्प बसलो. (बॅकलंडचं ते विजेतेपद तीनच दिवस टिकलं आणि आठ सेकंदांत गेलं, ही आपली जाता जाता गंमत.)

या कुस्तीत खोटं काय आणि खरं काय, याचं माझं उत्तर मी मोठा झाल्यावर मला सापडलं. निकाल खोटा, राग खोटा. पण ज्याला उचलून आपटायचं त्याचं शरीर आपल्या हातात ठेव म्हणून दिलेलं असतं, ते मात्र खरं. आपल्या आखाड्यात समोरच्याचं बळ मोडायचं असतं. इथं समोरच्याला मोडल्यासारखं दाखवायचं आणि धडधाकट घरी पाठवायचं. ती ठेव कधी हातून निसटते. १९९७च्या ऑगस्टमध्ये ओवेननं स्टीव्ह ऑस्टिनला डोकं खाली करून आपटलं, अंदाज चुकला आणि ऑस्टिनची मान खरोखरच दुखावली. काही काळ त्याचे हातपाय हलेनात. ओवेन वेळ काढायला प्रेक्षकांकडं वळून ओरडत राहिला, आणि अखेर कसाबसा सरपटत आलेल्या ऑस्टिनला त्यानं ठरलेला विजय घेऊ दिला. पुन्हा पाहा तो शेवट. इतका मिळमिळीत, की कुणीही ‘खोटं’ म्हणून हसेल. आणि त्या संध्याकाळी त्याच्याइतकं खरं काही नव्हतं.

तोवर दोघं भाऊ कथेतही एक झाले होते. त्याच जुलैत कॅल्गरीत, आपल्या गावात, सगळं हार्ट कुटुंब रिंगणात उभं राहिलं होतं. पण ९ नोव्हेंबर १९९७ला माँट्रियलमध्ये मालक व्हिन्स मॅकमहननं ब्रेटला न सांगता ठरलेला निकाल फिरवला. ब्रेट ती कंपनी सोडून निघालाच होता, तो असा गेला. ओवेन मागं राहिला. या प्रसंगावर इतकं लिहून, बोलून झालंय, की मी त्यात भर घालत नाही.

२३ मे १९९९. कॅन्सस सिटीतलं केंपर अरेना. ओवेनला तेव्हा ‘ब्लू ब्लेझर’ नावाचं विनोदी सोंग दिलेलं होतं, मुखवटा घातलेला हास्यास्पद महानायक. छतावरून दोराला लटकत त्यानं खाली यायचं होतं. कडी वेळेआधी सुटली. तो सत्तरहून अधिक फुटांवरून रिंगणावर पडला आणि गेला. चौतिसाव्या वर्षी, मागं बायको आणि दोन लहान मुलं. दूरचित्रवाणीवर तेव्हा आधी चित्रित केलेली मुलाखत चालू होती, म्हणून घरच्या प्रेक्षकांना पडणं दिसलं नाही. समालोचक जिम रॉसला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, की हा कथेचा भाग नाही, हे खरं आहे. अन् कार्यक्रम चालू राहिला. त्याच रिंगणात पुढच्या कुस्त्या झाल्या.

मी तेव्हा अठरा वर्षांचा. बारावीचा निकाल लागायचा होता. नाक्यावर एका मित्रानं सांगितलं, ‘‘ओवेन मेला.’’ मी हसलो, श्रोतेहो. म्हणालो, ‘‘अंडरटेकर किती वेळा मेलाय? येईल परत.’’ १९९४च्या जानेवारीत अंडरटेकरला शवपेटीत घालून छताकडं उडताना दाखवलं होतं, आणि ऑगस्टमध्ये तो परत आलाही होता. त्यांनीच शिकवलं होतं मला असं हसायला. पण हसलो मी.

दोन दिवसांनी खात्री पटली. त्यांनी पुढच्या रात्रीचा सगळा कार्यक्रम त्याच्या आठवणीत केला होता. मल्ल एकेक करून येऊन बोलत होते, एरवी सोंग घेणारी ती धिप्पाड माणसं रडत होती. तो कार्यक्रम आमच्याकडं दिसला तेव्हा आजोबा शेजारी होते. त्यांनी विचारलं, ‘‘हा त्योच का, आईला फसवलेला?’’ मी हो म्हटलं. ‘‘पोरगं पडल्यावर कुस्त्या थांबवल्या असत्याल.’’ मी म्हटलं, ‘‘नाही आजोबा, चालू ठेवल्या.’’ ते उठले, टीव्हीचं बटण बंद केलं. तालमीत पोरगं पडलं की आधी सगळे डाव थांबतात, एवढंच म्हणाले. नंतर ते माझ्याबरोबर कधी ती कुस्ती बघायला उभे राहिले नाहीत.

ओवेनच्या पत्नीनं दावा लावला, २००० साली तो सुमारे एक कोटी ऐंशी लाख डॉलरना मिटला. ब्रेटची कारकीर्दही डोक्याला झालेल्या दुखापतींमुळं त्याच साली संपली. २०१० साली तो त्याच कंपनीच्या रिंगणात परतला, जुन्या वैऱ्याशी हात मिळवला. ओवेनच्या पत्नीनं मात्र त्या कंपनीला कधी माफ केलं नाही, आणि त्यांच्या मानाच्या यादीत त्याचं नाव घालू दिलं नाही. मला ब्रेटचंही कळतं आणि तिचंही.

अजून कधी रात्री झोप येत नसली, की मी मोबाइलवर १९९४ची ती रात्र लावतो. पहिली कुस्ती पुरी बघतो, मग मधलं सगळं सोडून शेवटाकडं जातो. ब्रेट मल्लांच्या खांद्यावर, ओवेन खाली वाटेवर उभा राहून वर बघतोय. तिथं मी बंद करतो.