बंद तिजोरींतील हवा



मौल्यवान वस्तु पोलादी कपाटांत ठेवून किल्ली फिरविली, कीं आपण निश्चिंत होतों. चोर, उंदीर, वाळवी, धूळ या सर्वांना मज्जाव झाला, असा आपला समज असतो. पण त्या दाराआड जी हवा कोंडली जाते, तिची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. आज मी तिच्याविषयींच चार शब्द बोलणार आहें.

माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं आजोबांच्या वेळची परवान्याची दुनळी बंदूक आहे. दोन वर्षांपूर्वीं त्यांनीं तिच्यासाठीं नवी पोलादी तिजोरी घेतली. बंदुकीला ओरखडा पडूं नये म्हणून आंत प्लायवूडची मांडणी बसविली, तिच्यावर लोकरी कापड चिकटविलें आणि फटी सिलिकोनच्या लुकणानें बुजविल्या. शेजारीं आजोबांना नेमबाजींत मिळालेला चांदीचा पेला, चामडी पट्ट्यांत खोंवलेलीं पितळी काडतुसें आणि शिशाच्या जुन्या गोळ्यांची डबी हीं ठेविलीं. पावसाळा सरल्यावर दार उघडून पाहतात तों पेला काळा पडलेला, काडतुसांवर हिरवा कळंक, गोळ्यांवर पांढरी भुकटी आणि बंदुकीच्या नळीवर गंजाचे ठिपके! आंत आंबूस वास कोंदला होता. स्नेह्यांनीं सारा दोष पावसाळ्याला दिला. पावसाळा अगदींच निर्दोष नव्हता. पण मुख्य अपराधी घरचेच होते.

लांकूड, कापड, चामडें, रंग, गोंद हे पदार्थ आपल्याला निर्जीव वाटले, तरी ते हळूहळू वाफा सोडीत असतात. लांकडांतून ॲसिटिक अम्लाची, म्हणजे शिरक्याला आंबटपणा देणाऱ्या अम्लाची वाफ निघते. प्लायवूड ज्या गोंदानें जोडतात त्यांतून पुष्कळदां फॉर्माल्डिहाइड सुटतें व त्याचें फॉर्मिक अम्ल होऊं शकतें. कित्येक सिलिकोन लुकणें वाळतांना ॲसिटिक अम्लच सोडतात. लोकरींत गंधक असतो. त्याच्या वायूंनीं चांदी काळवंडते. उघड्या खोलींत या वाफा वाऱ्याबरोबर निघून जातात. घट्ट तिजोरींत त्या सांचतात, आणि ओलाव्याची जोड मिळाली कीं धातूवर त्यांचें काम झपाट्यानें चालतें.

हा घोटाळा आजचा नव्हे. १८९९ सालीं इंग्लंडांतील बाइन नांवाच्या अभ्यासकानें कपाटांत ठेवलेल्या शंखशिंपल्यांवर चढणाऱ्या पांढऱ्या थराचें वर्णन केलें. त्याचा संशय जंतूंवर होता. खरें कारण खणांच्या लांकडांतील अम्ल, हें पुढें उघड झालें. तरी त्या विकाराला नांव बाइनचेंच राहिलें.

१९७३ सालीं ब्रिटिश म्यूझियममधील ॲण्ड्रू ऑडी यांनीं एक कसोटी प्रसिद्ध केली. संशयित कापडाचा वा लांकडाचा तुकडा थोड्या पाण्यासह बंद कांचपात्रांत ठेवावयाचा, बरोबर चांदी, तांबें व शिसें यांचे चकचकीत पत्रे ठेवावयाचे, आणि ६० अंश सेल्सिअस उष्णतेंत २८ दिवस तसेंच राहूं द्यावयाचें. पत्रे डागळले, तर तो पदार्थ नापास. माझ्या स्नेह्यांनीं हीच परीक्षा नकळत घेतली होती. मात्र पत्र्यांच्या जागीं आजोबांची ठेव होती.

मग करावें काय? नवें कपाट रिकामें असतांनाच कांहीं आठवडे उघडें ठेवावें. आंबूस, रबरी किंवा रंगाचा वास येत असेल, तोंवर आंत कांहीं ठेवूं नये. काडतुसें चामड्यांत राहूं देऊं नयेत. चांदी धुतलेल्या सुती कापडांत गुंडाळावी. ओल शोषण्यास सिलिका जेल आणि वाफा शोषण्यास सक्रिय कोळसा ठेवावा. दोहोंचीं कामें निराळीं आहेत. चांदीचा व शिशाचा एकेक घांसलेला तुकडा कोपऱ्यांत ठेवून महिन्या-महिन्यानें पाहावा. चांदी गंधकाची चहाडी सांगते, शिसें अम्लाची. शिशावरील पांढरी भुकटी विषारी असते. तिला उघड्या हातानें शिवूं नये.

स्नेह्यांनीं ती मांडणी काढून टाकली आणि पेला घांसून उजळला. पण घांसतांना आजोबांच्या नांवाचीं कोरीव अक्षरें थोडीं पुसट झालीं, त्याची चुटपुट त्यांना अजून लागून राहिली आहे. किल्ली फिरविण्यापूर्वीं आपण एकदां आंत डोकावून वास घ्यावा, एवढेंच माझें सांगणें.