शब्दांचा उलटा कोश



अमेरिकन पत्रकार अँब्रोज बिअर्स याने रोजच्या शब्दांचे बोचरे अर्थ वर्षानुवर्षे वृत्तपत्रांतून लिहिले. १९०६ साली ते पुस्तकरूपाने आले. १९११ पासून ‘द डेव्हिल्स डिक्शनरी’ या नावाने ओळखले जातात. प्रतिष्ठितांची भाषा सोलून तिच्याखालचा स्वार्थ उघडा करणे, हे त्यांचे कार्य.

आपल्याकडेही असा कोश सिद्ध होऊ शकेल. ‘कंत्राटी’ : काम कायमचे, कामगार तात्पुरता. ‘सवलत’ : कारखानदाराला दिल्यास प्रोत्साहन, शेतकऱ्याला दिल्यास उधळपट्टी. ‘पुनर्वसन’ : धरण भरल्यानंतर आठवणारे आश्वासन.

यावर सभा हसेल; परंतु हसून घरी जाणे हा पराभवच होय. सारेच शब्द पोकळ ठरविले, की ‘समता’ही पोकळ ठरते, प्रस्थापितांना तेच हवे असते. बिअर्स मात्र केवळ हसत बसला नाही. रेल्वे कंपन्यांच्या सरकारी कर्जाची फेड लांबणीवर टाकणाऱ्या विधेयकाविरुद्ध १८९६ साली त्याने वॉशिंग्टनला जाऊन लेखणी चालविली. विधेयक अखेर बारगळले.

उपहासाने शब्दांवरची पुटे निघतात. त्यांचा अर्थ लढूनच परत मिळवावा लागतो.