ऑर्किडच्या मुळांना हवा द्या



वाढदिवसाला, गृहप्रवेशाला हल्ली ऑर्किडची कुंडी भेट येते. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा तुरा दोन-तीन महिने टिकतो, मग गळतो आणि पुढे पानं मलूल पडू लागतात. आपल्याला वाटतं, झाडाला तहान लागली. आपण पाणी वाढवतो आणि झाड जातं. खरं म्हणजे तेव्हा कुंडीत पाणी भरपूर असतं, ते वर पोचवणारी मुळंच कुजलेली असतात.

याचं कारण पाहायचं तर कोकणात आंब्या-जांभळाच्या खोडावर वाढलेली सीतेची वेणी पाहावी. हेही ऑर्किडच. आषाढात ती दिवसभर भिजते, पण पावसानं उसंत घेतली की वाऱ्यानं तिची मुळं सुकतात. मातीशी तिचा संबंधच नाही. या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं, पाणी प्यायलं की हिरवं होतं. घरात पाणी कधी घालायचं, हे त्या रंगावरूनच ठरवावं. मुळं हिरवी असतील तर थांबा.

झाड मलूल दिसलं की कुंडीतून बाहेर काढा. जुनं मॉस, कुजलेला काथ्या अलगद सोडवा, मुळं धुवा आणि एकेक मूळ चिमटीत दाबून पाहा. टणक लागलं तर ते जिवंत आहे, वरून तपकिरी असलं तरी ठेवा. साल सुटून हातात नुसता दोरा राहिला, तर ते मेलेलं. तेवढंच कापा. कात्री आधी ज्योतीवर तापवून गार करा आणि दुसऱ्या झाडाला लावण्याआधी पुन्हा तापवा, कारण विषाणू कात्रीतूनही पसरतात.

आता विभागणी. डेंड्रोबियम या दांड्यांच्या ऑर्किडची कुंडी गच्च भरली असेल, तर प्रत्येक भागात तीन-चार दांडे राहतील असे भाग करा. एकेक दांडा वेगळा करून चार कुंड्या वाढवण्याचा मोह टाळा, तसली झाडं फुलायला फार वेळ घेतात. पान नसलेला जुना दांडा हिरवा आणि भरीव असेल तर कापू नका. त्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, त्यावरच नवा कोंब पोसतो. भेटीत येतं ते रुंद पानांचं फॅलेनॉप्सिस मात्र एकखोडी. ते विभागता येत नाही. त्याच्या फुलांच्या दांड्यावर कधी पिल्लू फुटतं, त्याची मुळं बोटभर झाली की तेवढं वेगळं करावं.

कुंडी लहानच घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं असलेली. लाकडी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे एवढं पुरतं. सोडण मात्र दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, त्यातला क्षार निघून जायला हवा. माती चिमूटभरही नको. झाड काठीला बांधा. ते हललं की नव्या मुळांची कोवळी टोकं मोडतात. पहिले चार-पाच दिवस पाणी न घालता फक्त पानांवर हलका फवारा द्या. खत आताच नको. आधी नवीन मूळ दिसू द्या.

मुळं जवळजवळ उरलीच नसतील, तरी झाड टाकू नका. ओलसर, पिळून घेतलेल्या मॉसवर ते उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या जागी टेकवून ठेवा. आशा आहे की नाही, हे शेंडा सांगतो. तो हिरवा असेल तर काही महिन्यांत मूळ फुटू शकतं, तो काळा आणि मऊ पडला असेल तर उपाय नाही. म्हणूनच फॅलेनॉप्सिसच्या शेंड्यात पाणी साचू देऊ नये.

झाडाला बहर असताना कुंडी बदलू नका. फुलं गळून नवी मुळं डोकावू लागली की बदला. आपल्याकडे मृगाच्या आधीचे दोन महिने याला चांगले. पावसात कुजकं मॉस वाळत नाही, तेव्हा मे सरायच्या आत आपल्या ऑर्किडची मुळं एकदा जरूर तपासा.