एका अक्षराची चूक आणि आपले रिश्ते



मी प्रयोगशाळेत काम करते. आज डीएनए पॉलिमरेजबद्दल बोलणार आहे. विषय पुस्तकी वाटेल, पण चंद्रपूर-गडचिरोलीत तो थेट आपल्या घरातल्या लग्नांपर्यंत येतो.

तहसील कचेरीत सातबाऱ्याची नक्कल काढतात, तशी पेशी दुभंगण्याआधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल निघते. ती काढणारं विकर म्हणजे डीएनए पॉलिमरेज. आर्थर कोर्नबर्ग यांनी ते १९५६ मध्ये ई. कोलाय या जिवाणूत शोधलं. १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याला आईकडून सुमारे ३०० कोटी अक्षरं मिळतात, वडिलांकडूनही जवळपास तेवढीच. हे विकर लिहिता लिहिता स्वतःची चूक खोडतं, मागून दुसरी यंत्रणा पुन्हा तपासते. अखेर साधारण १०० कोटी अक्षरांमागे एखादीच चूक उरते.

अशीच एक चूक हजारो वर्षांपूर्वी उरली. हिमोग्लोबिनच्या जनुकात 'ए'च्या जागी 'टी' आला. त्यानंतर पॉलिमरेज ती चूकही इमानदारीनं उतरवत आलं. तोच सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात, रक्त कमी होतं.

मग हा जनुक टिकला कसा? तो एकाच पालकाकडून आला, तर जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यात तो टिकला. आपल्या भागात गोंड, माडिया, परधान, महार समाजांत तो जास्त आढळतो. पण 'हा त्यांचा आजार' असं म्हणून हात झटकू नका. या जनुकाचा आपल्याकडचा प्रकार पूर्व सौदी अरेबियातही सापडतो. शास्त्रज्ञ त्याला 'अरब-भारतीय' म्हणतात. रक्त जमात विचारत नाही.

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी परीक्षानळीत या जनुकाच्या तुकड्याच्या नकला २ लाखांहून अधिक पट वाढवल्या आणि सिकलसेलचं निदान केलं. पीसीआरचा तो पहिला जाहीर वापर. नकला काढायला कोर्नबर्गच्याच विकराचा तुकडा होता. उष्णतेनं तो निकामी व्हायचा, दर फेरीला नवा घालावा लागायचा. पुढे गरम झऱ्यातल्या जिवाणूचं 'टॅक' पॉलिमरेज आलं आणि काम सोपं झालं. आज गर्भाचीही तपासणी होऊ शकते.

एकाच पालकाकडून जनुक आलेला माणूस वाहक, म्हणजे 'एएस'. तो सहसा धडधाकट असतो. मात्र दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आपल्याकडे चुलत, मावस भावंडांत लग्नं होतात. गोंड समाजात मामे-आते भावंडांत होतात. घराण्यात हा जनुक असेल, तर अशा लग्नांत धोका वाढतो. सौदी अरेबियानं २००४ पासून लग्नाआधी ही तपासणी सक्तीची केली आहे. अहवाल पाहून निर्णय मात्र जोडप्यानंच घ्यायचा.

वाहक ओळखायला पीसीआरही लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी करायची, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनं खात्री करायची. चंद्रपुरात २०२२ पासून आयसीएमआरचं या रक्तविकारांसाठीचं केंद्रही आहे.

एक विनंती. रिपोर्ट फक्त मुलीचा मागू नका. वाहक असणं हा डाग नाही, कुणाचा गुन्हाही नाही. रिश्ता पक्का होण्याआधी दोघांनीही तपासून घ्या, आणि कागद हातात आल्यावर दोघांनी मिळून ठरवा.