शून्य रुपयांचं तिकीट

आवाज थोडा बसलाय, सांभाळून घ्या. मागच्या आठवड्यात आजी आली होती पुण्याला. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे चार दिवस मी घरात ओरडूनच बोलत होते. आजचा विषयही तिच्यामुळेच निघाला.

झालं असं, की आजी, मामी आणि माझा मामेभाऊ कराडहून एसटीने स्वारगेटला उतरले. मी घ्यायला गेले होते. उतरल्या उतरल्या आजीने कमरेची पिशवी उघडून तिकीट दाखवलं. रक्कम शून्य. ७५ वर्षांच्या पुढच्यांना एसटीत फुकट, २०२२ च्या ऑगस्टपासून. मामीचं तिकीट अर्धं, कारण १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत ५० टक्के सवलत आहे. मामेभावाचं पूर्ण. तो आख्खा रस्ता धुसफुसत आला असणार.

मग आम्ही स्टँडमधून बाहेर पडून मेट्रोत गेलो. स्वारगेटचं मेट्रो स्टेशन जमिनीखाली आहे, स्टँडला लागूनच. वार गुरुवार होता. हे मुद्दाम सांगतेय, कारण शनिवार-रविवारी पुणे मेट्रोत सगळ्यांनाच ३० टक्के सूट असते. आता गंमत बघा. मामेभाऊ पुण्यात कॉलेजला आहे, त्याच्याकडे विद्यार्थ्यांचं मेट्रो कार्ड. त्याला ३० टक्के कमी. मामीला पूर्ण भाडं. आजीला पूर्ण भाडं. म्हणजे पाच मिनिटांपूर्वी जो रांगेत शेवटी होता तो पहिला झाला, आणि पहिली शेवटी गेली. माणसं तीच, वयं तीच, फक्त गाडी बदलली.

आजी म्हणाली, "आगं, मोटारीत मी म्हातारी हुते, हितं खाली उतरल्यावर तरणी झाले का काय?"

मी सॉफ्टवेअरवाली आहे, तर मला वाटलं याचं उत्तर मला देता यायला हवं.

आधी ते शून्याचं तिकीट. फुकटच आहे तर कागद कशाला वाया घालवायचा, असं मला पूर्वी वाटायचं. पण ते तिकीट आजीसाठी नसतंच मुळी. ते बिल आहे. आजीचे पैसे आजी देत नाही, तर राज्य सरकार एसटीला देतं. किती द्यायचे हे कळायला प्रत्येक फुकट प्रवासाची नोंद लागते, कुठून कुठे, कुठल्या सवलतीत. दिल्लीत २०१९ मध्ये बायकांना बस फुकट केली तेव्हा गुलाबी तिकिटं छापली, तीही याचसाठी. सवलत म्हणजे भाडं माफ झालं असं आपण म्हणतो. माफ काही होत नाही हो, दुसरं कुणीतरी भरतं. आणि आजीचा प्रश्न तिथेच अडकतो. एसटी राज्याचं महामंडळ. पीएमपीएमएल पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची. मेट्रो केंद्र आणि राज्याची अर्धी-अर्धी. आजीच्या एका प्रवासाला तीन पाकिटं, आणि एकाने तिला ज्येष्ठ मानलं म्हणून दुसऱ्याने पाकिटात हात घालायलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

वयाचंही तसंच. एसटीत अर्धं तिकीट ६५ ला सुरू होतं. मुंबईत मेट्रो २अ आणि ७ वर ज्येष्ठांची सूट आली तीही ६५ धरून. रेल्वेत सवलत होती तेव्हा पुरुषांना ६० ला आणि बायकांना ५८ ला मिळायची. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली, परत आली नाही. म्हातारं होण्याचीसुद्धा प्रत्येकाची व्हर्जन वेगळी.

आता तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणार, अगं पण एकच कार्ड आलंय ना. आलंय. एनसीएमसी, मार्च २०१९ पासून. पुणे मेट्रोचं वन पुणे कार्ड हे त्यातलंच. आणि इंजिनीअर म्हणून सांगते, कार्ड झकास आहे. शिल्लक रक्कम कार्डाच्या चिपमध्येच असते, त्यामुळे गेटला नेटवर्क लागत नाही. आपलं यूपीआय भुयारात गोल गोल फिरत बसतं तेव्हा कार्डवाला टॅप करून पुढे गेलेला असतो. वर त्या चिपमध्ये वेगवेगळ्या सेवांना आपापले पास लिहायला स्वतंत्र जागा ठेवलेली आहे. म्हणजे आजीचं वय, मामेभावाचं कॉलेज, सगळं एका कार्डावर मावू शकतं. मुंबईत तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई वन ॲप आलं. लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट, ठाण्याची बस, नवी मुंबईची बस, अशा ११ सेवांची तिकिटं एकाच ठिकाणी.

पण तिकीट एक होणं आणि भाडं एक होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे जरा थांबते, कारण माझा स्वतःचा गोंधळ इथेच होता.

बऱ्याच शहरी बसचं भाडं बघा. पहिला टप्पा महाग असतो, पुढचे टप्पे स्वस्त होत जातात. जून २०२५ पासून पीएमपीएमएलचं किमान भाडं १० रुपये आहे, आधी ५ होतं. बेस्टचंही त्याआधी महिनाभर ५ चं १० झालं. आता समजा तुमच्या घरापासून कामापर्यंत थेट बस आहे. महागडा पहिला टप्पा तुम्ही एकदाच भरता. तुमची मैत्रीण तेवढ्याच अंतरावर राहते, पण तिला बस, मेट्रो, परत बस असं करावं लागतं. ती पहिला टप्पा तीनदा भरते. अंतर सारखं, हाल जास्त, थांबून वाट बघणं जास्त, आणि पैसेही जास्त. ॲप तिला ही बेरीज सुबक करून एका स्क्रीनवर दाखवतं, एवढंच. आणि थेट बस नसलेल्या वस्त्या साधारण कुठे असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लंडनमध्ये बसपुरता यावर उपाय केला. २०१६ मध्ये नियम आला, एका बसचे पैसे भरल्यावर तासाभरात दुसरी बस फुकट. २०१८ पासून त्या तासात कितीही बस बदला. पण तिथे बसचं आणि ट्यूबचं भाडं ठरवणारी संस्था एकच आहे. आपल्याकडे हा तासाभराचा कोड मी एका शनिवारी लिहून देईन. त्या दुसऱ्या बसचे १० रुपये कुणी सोडायचे, हे मात्र कोडमध्ये लिहिता येत नाही.

बरं, कोडवरून. हे मी अजून कुठे बोलले नाहीये.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होते, नाव नको. आमच्याकडे एका शहराच्या बससाठी सवलत कार्डाच्या ऑनलाइन अर्जाचं काम होतं. ज्येष्ठांचा फॉर्म माझ्याकडे. जन्मतारखेचा रकाना सक्तीचा, दिवस-महिना-वर्ष, आणि ती आधारशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर अर्ज बाद. टेस्टिंग नीट केलं होतं. फॉर्म चालू झाल्यावर तक्रारी यायला लागल्या, 'तारीख घेत नाही'. मी दोन-चार उघडून बघितल्या. तारखा जुळत नव्हत्या. शेरा मारला, अर्जदाराची चूक, आणि बंद केल्या.

दिवाळीला घरी गेले. आजी म्हणाली, बँकेचा कसलासा कागद भरून दे. तिचं आधार हातात घेतलं. तिथे जन्मतारीख नव्हतीच. लिहिलं होतं, 'जन्म वर्ष : १९४७'. बस. दिवस नाही, महिना नाही. आजी कधी शाळेत गेली नाही, तारीख कोण लिहून ठेवणार? शाळेत गेलेल्यांना निदान गुरुजींनी १ जून तरी लावून दिलाय. आजी म्हणते तिचा जन्म सुगीतला.

तीच आजी त्याच वर्षी एसटीतून फुकट जायला लागली होती. कंडक्टरने वर्ष बघायचं, मनात वजाबाकी करायची, मशीनमधून तिकीट काढायचं. त्याला दोन सेकंद लागायचे. माझा फॉर्म तिला बाद करत होता.

परत आल्यावर मी बंद केलेल्या तक्रारी उघडल्या. यादी खाली खाली सरकवत गेले, संपेचना. त्यातल्या बऱ्याच जणांनी वर्षाच्या पुढे आपल्या मनाने १ जानेवारी टाकला होता. आधारमध्ये फक्त वर्ष, म्हणून जुळत नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची. फक्त वर्ष असेल तर कुठली तारीख धरायची? मी १ जानेवारी लिहिली. माझे सीनिअर म्हणाले, ३१ डिसेंबर कर, उद्या ऑडिटमध्ये कुणी म्हणायला नको की वय व्हायच्या आधी सवलत दिली. बघा हं, या एका ओळीने एखाद्या माणसाची सवलत वर्षभर अलीकडे किंवा पलीकडे जाते, आणि ते ठरवत होतो आम्ही दोघं, कॉफी मशीनपाशी उभे राहून. दोन दिवस वाद. शेवटी बससेवेच्या एका अधिकाऱ्यांना फोन लावला. ते हसले. म्हणाले, सरकारी नोकरीत फक्त वर्ष माहीत असेल तर १ जुलै धरतात, तेच करा. नियम आधीच होता. आम्हीच कुणाला विचारलं नव्हतं.

१ जुलै टाकलं. मग मी त्या यादीतल्या काही जणांना स्वतः फोन केले. कंपनीने सांगितलं नव्हतं, मला झोप लागत नव्हती म्हणून. बहुतेकांनी पुन्हा अर्ज केला. एका घरी सुनेने फोन उचलला. म्हणाली, नाही म्हणाले तेव्हा सासऱ्यांनी पासचं डोक्यातून काढून टाकलं, आता गुडघ्यामुळे बसला जातच नाहीत. आभार मानून तिने फोन ठेवला. मला बोलायला काही सुचलंच नाही.

तर, एक काम देते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आधार आज बघा, तारीख पूर्ण आहे की नुसतं वर्ष. आणि तुमचा रोजचा प्रवास किती तिकिटांचा आहे, पहिला टप्पा कितीदा भरता, ते मला लिहून पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही हिशेब घेऊन बसू.

आजी परवा परत गेली. जाताना मेट्रो नको म्हणाली, रिक्षा कर म्हणाली. स्वारगेटपर्यंत रिक्षाचे पैसे मी दिले. तिथून पुढे कराडपर्यंत शून्य.