टेम्सच्या काठी



लंडनला जाणारा आपला माणूस बहुधा पार्लमेंट पाहतो, टॉवर पाहतो आणि तिथूनच मागे वळतो. टॉवरच्या पुढे, टेम्सच्या दक्षिण तीरावर, रॉदरहाइथ नावाची जुनी वस्ती आहे. ती एके काळी खलाशांची आणि जहाजे बांधणाऱ्यांची होती. तिथल्या अरुंद गल्लीत ‘मेफ्लॉवर’ नावाचे एक पुरातन पानगृह उभे आहे. आत लाकडी तक्तपोशी, ठेंगणे छत. मागे नदीवर झुकलेला सज्जा. त्या सज्जावर बसले की भरतीचे पाणी पायांखाली खळखळत असते.

याच काठावरून १६२० च्या जुलैमध्ये मेफ्लॉवर जहाज निघाले आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून १०२ उतारू घेऊन अमेरिकेला पोहोचले. पानगृहाला मात्र हे नाव १९५७ साली मिळाले. त्यापूर्वी ते ‘स्प्रेड ईगल’ म्हणून ओळखले जाई. जहाजाचा कप्तान क्रिस्टोफर जोन्स याच वस्तीतला. तो परत आला आणि १६२२ मध्ये समोरच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्याला मूठमाती मिळाली. जहाजाचे नाव जगभर झाले. कप्तानाची कबर नेमकी कुठे, हे आज कोणी दाखवू शकत नाही.

चर्चपासून चार पावलांवर मार्क ब्रुनेलच्या भुयाराचे इंजिनघर आहे. वाहत्या नदीच्या तळाखालून माणसांना पलीकडे नेण्याचा हा उद्योग १८२५ साली सुरू झाला. १८२८ मध्ये नदी आत घुसली. सहा कामगार बुडाले आणि ब्रुनेलचा मुलगा इझम्बार्ड थोडक्यात वाचला. भुयार खुले झाले ते १८४३ साली. आज त्यातून आगगाड्या धावतात.

पण माझी पावले थबकली ती चर्चच्या आवारातील एका थडग्यापाशी. ते ली बू या राजपुत्राचे. १७८३ साली ईस्ट इंडिया कंपनीचे ‘अँटिलोप’ जहाज पॅसिफिकमधील पलाऊ बेटांपाशी फुटले. तेथील लोकांनी खलाशांना आसरा दिला, नवी नौका बांधण्यास हातभार लावला. निरोपाच्या वेळी राजाने आपला मुलगाच कप्तान विल्सनच्या हवाली केला, तो विद्या शिकून परत यावा म्हणून; आणि महिने मोजण्यासाठी दोरीला गाठी मारून ठेवल्या. ली बू रॉदरहाइथला विल्सनच्या घरी राहिला, शाळेत जाऊ लागला. पण सहा महिने भरण्यापूर्वीच, १७८४ च्या डिसेंबरात, विसाव्या वर्षी देवीच्या रोगाने तो गेला. कंपनीने थडगे बांधले. बापाला ती बातमी पोहोचली १७९१ मध्ये. ती घेऊन गेलेल्या कंपनीच्या दोन नौका १७९० साली आपल्या मुंबई बंदरातून सुटल्या होत्या.

सायंकाळी पुन्हा त्या सज्जावर आलो. ओहोटी लागली होती. काठचे दगडगोटे उघडे पडले होते. शेजारच्या मेजावर मंडळी मेफ्लॉवरच्या गोष्टी रंगवून सांगत होती. मी ऐकत होतो. पण मनात येत होती ती दूरच्या बेटावरची दोरी, जिच्या गाठी सोडवायला कोणी परत आले नाही.