काम देणारा आधी पैसे मागत नाही

बचत गटांच्या सगळ्या ताया, वहिनी, काकू आणि नव्यानं गटात आलेल्या सुनांनो, आज मी मोबाइलवरच्या कमाईबद्दल बोलणार आहे. "नवीन मराठी वेबसाइट सुरू झाली आहे, घरबसल्या लिहा आणि पैसे मिळवा," असा निरोप तुमच्यापैकी कित्येकींच्या फोनवर आला असेल. तो खरा की खोटा, आणि खरी कमाई होते तरी कशी, ते आपण नीट समजून घेऊ.

आधी आमच्या गटात घडलेलं सांगते. ज्या वहिनींबाबत ते घडलं त्यांची परवानगी घेतली आहे, पण नाव सांगत नाही.

वहिनींच्या व्हॉट्सअॅपवर असाच निरोप आला. पाककृती, म्हणी, सणांची माहिती लिहून पाठवा, एका पानाला ६० रुपये. नोंदणीचे १५०० रुपये आधी भरा, पहिल्या पगारात परत मिळतील. वहिनी बारावी झालेल्या, अक्षर मोत्यासारखं, आणि रानातलं काम त्या महिन्यात बंद. त्यांनी बैठकीत १५०० रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. करार इंग्रजीत होता, पाच पानांचा. बी.ए. झालेली म्हणून तो माझ्या हातात दिला. मी पहिलं पान वाचलं, बाकीची नुसती चाळली आणि म्हटलं, "ठीक दिसतंय." माझ्या शब्दावर गटानं कर्ज मंजूर केलं. ही चूक माझी. आज हे बोलायला बसले त्याचं एक कारण तेच आहे.

दहा दिवसांत शंभर पानं द्यायची होती. वहिनी रात्री सगळे झोपल्यावर चुलीपुढं बसून मोबाइलवर टाइप करायच्या. अकराव्या दिवशी उत्तर आलं, "तुमच्या कामात दहा टक्क्यांपेक्षा जास्त चुका आहेत. करार मोडला. पाच हजार रुपये दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस येईल." मी करार पुन्हा काढला. चौथ्या पानावर ते कलम होतं.

दोन दिवसांनी नोटिशीचा फोटो आला. वर वकिलाचं नाव, खाली गोल शिक्का. वहिनींनी घरात कुणाला सांगितलं नाही. जेवण तुटलं, फोन वाजला की दचकायच्या. पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे देताना त्यांचा हात कापत होता, तेव्हा कुठं सगळं बाहेर आलं.

आम्ही दंड भरला नाही. १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला. मग सगळे निरोप, पैसे भरल्याची पावती आणि तो करार यांच्या छापील प्रती घेऊन आम्ही चौघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितलं की अशी धमकी ही फसवणुकीचीच पुढची पायरी असते. खरी कोर्टाची नोटीस आजपर्यंत आली नाही. १५०० रुपये मात्र परत मिळाले नाहीत, कारण आम्हाला तक्रार करायला तीन आठवडे उशीर झाला होता. मैत्रिणींनो, १९३० हा आकडा आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा. पैसे गेल्याचं कळल्याबरोबर फोन केला तर समोरच्याच्या खात्यातले पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. लाजेपायी गप्प बसलो तर पैसे पुढच्या खात्यांत निघून जातात.

आता मूळ प्रश्न. वेबसाइटवर लिहून किंवा व्हिडिओ टाकून पैसे मिळतात का? मिळतात. पण ते येतात कुठून, हे समजलं की खरं-खोटं ओळखता येतं.

आठवडी बाजारात जिथं गर्दी असते तिथं दुकानदार पाटी लावतो. वेबसाइटचंही तसंच. वाचणारी माणसं जमली की कंपन्या तिथं जाहिरात देतात आणि त्या जाहिरातीचा वाटा लिहिणाऱ्याला मिळतो. म्हणजे गर्दी आधी, पैसे नंतर. कालच सुरू झालेल्या वेबसाइटवर गर्दीच नसेल, तर ती पानाला ६० रुपये कुठून देणार? हा प्रश्न आम्ही त्या दिवशी विचारायला हवा होता.

स्वतःच्या वेबसाइटवर जाहिराती लावण्यासाठी गूगलची अॅडसेन्स नावाची सोय आहे. मराठी वेबसाइटलाही ती मिळते आणि तिच्यात नाव नोंदवायला फी नसते. कुणी "अॅडसेन्स काढून देतो, दोन हजार द्या" म्हणालं तर ते पैसे गूगलला जात नाहीत, त्या माणसाच्या खिशात जातात. वेबसाइटच्या नावासाठी दरवर्षी भाडं भरावं लागतं, तेवढा खर्च धरून चला. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. आपल्याच वेबसाइटवरच्या जाहिरातींवर आपण बोट लावायचं नाही, गटातल्या बायकांनाही "दाबा गं" म्हणून सांगायचं नाही. मदत म्हणून केलं तरी ती लबाडी धरली जाते आणि खातं बंद होऊ शकतं.

यूट्यूबचं गणित वेगळं आहे. तिथं चॅनल काढायला पैसे लागत नाहीत. पण जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला १००० सदस्य लागतात आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी आपले व्हिडिओ मिळून ४००० तास पाहिलेले असावे लागतात. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एका माणसानं आपला व्हिडिओ सरासरी तीन मिनिटं पाहिला असं धरलं, तर ८० हजार वेळा तो पाहिला जायला हवा. लहान, उभ्या व्हिडिओंचा दुसरा मार्गही आहे, पण त्याला ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिलं जावं लागतं. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के आपले, ४५ टक्के यूट्यूबचे. म्हणून "पहिल्या महिन्यात पंधरा हजार" असं कुणी सांगितलं की समजून जा.

पैसे हातात येण्याचीही रीत आहे. कमाई १० डॉलरला पोचली की पत्ता तपासण्यासाठी एक पिन क्रमांक टपालानं घरी येतो. आपल्या वाडीवस्तीवर घरांना क्रमांक नसतात. म्हणून पत्त्यात गाव, वाडी, टपाल कार्यालय आणि पिनकोड नीट लिहा आणि पोस्टमन दादांना आधीच सांगून ठेवा. नाव बँकेच्या पासबुकावर आहे तसंच हवं. मग कमाई १०० डॉलरला पोचली की पैसे बँकेत येतात. ते परदेशातून येतात, त्यामुळं बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. छोट्या शाखेला तो नसेल तर मोठ्या शाखेचा कोड बँकेत विचारून घ्या. पॅन कार्डही जवळ असू द्या. आणि खातं तुमच्याच नावाचं असावं. मेहनत तुमची आणि खातं पुतण्याचं, असं करू नका.

हे ऐकून हात गाळायचं कारण नाही. मधुरा बाचल यांनी २००९ साली पाककृतींचं चॅनल सुरू केलं आणि आज त्यांचं 'मधुराज रेसिपी' घराघरांत पाहतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी', यांनी सत्तरीच्या घरात नातवाच्या मदतीनं व्हिडिओ करायला सुरुवात केली. त्यांचंही चॅनल २०२० मध्ये चोरट्यांनी पळवलं होतं, काही दिवसांनी ते परत मिळालं. म्हणून आपण पासवर्ड कुणाला सांगायचा नाही आणि दुहेरी पडताळणी चालू करून घ्यायची. त्यांच्या यशाकडं पाहताना त्यांनी सातत्यानं व्हिडिओ टाकले हेही पाहू या.

दुसऱ्याच्या वेबसाइटला लिहून द्यायचं असेल तर बैठकीत हे प्रश्न विचारा. काम देणारा आधी पैसे मागतो का? मागत असेल तर विषय तिथंच संपला. मजुरीला जाताना आपण मालकाला पैसे देतो का? वेबसाइट कुणाची, पत्ता काय, तिथं आधी लिहिणाऱ्या एखाद्या बाईशी बोलता येईल का? करार मराठीत आहे का? नसेल तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचून समजावून सांगणारं कुणी मिळेपर्यंत सही नाही. किती रुपये जमल्यावर पैसे काढता येतात? काही ठिकाणी ती मर्यादा इतकी उंच ठेवतात की तिथवर कुणी पोचतच नाही. आपलं लिखाण आणि फोटो नंतर कुणाच्या मालकीचे? आणि आधारचा फोटो कशाला हवा?

शिवाय, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

आता वहिनींचं पुढं काय झालं ते सांगते. गटानं त्या कर्जावर व्याज घ्यायचं नाही असं ठरवलं. मी म्हटलं, मुद्दलातले अर्धे माझे, चूक माझी आहे. वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही पान उलटलं नाही, मी विचारलं नाही. हप्ते मीच फेडते." आणि त्यांनी पाच हप्त्यांत फेडले. गटाच्या वहीत ते पाचही हप्ते लिहिलेले आहेत.

टाइप केलेली शंभर पानं मोबाइलमध्ये होतीच. हुलग्याचं माडगं, शेंगोळ्या, बाजरीच्या खारोड्या, सासूबाईंकडून शिकलेलं सगळं. आम्ही म्हटलं, हे तर तुमचंच आहे. मग गटातल्या एकीच्या मुलीनं मोबाइल धरला, वहिनींनी करून दाखवलं. सात महिने झाले. चॅनलला ३४० सदस्य आहेत. जाहिरातीचा एक रुपयाही आलेला नाही, आणि कधी येईल ते मी सांगणार नाही. पण खारोड्यांचा व्हिडिओ पाहून पुण्यातल्या बायकांचे फोन आले. उन्हाळ्यात ४२०० रुपयांच्या खारोड्या पोस्टानं गेल्या. पैसे आधी खात्यात, मग पार्सल, हा नियम वहिनींनीच घातला. खाण्याचे पदार्थ विकायला अन्न नोंदणी लागते, तिचा अर्जही केला आहे.

म्हणजे आपल्यासारखीला पहिली कमाई जाहिरातीतून येईलच असं नाही. आधी गिऱ्हाईक मिळतं. व्हिडिओ ही आपल्या मालाची पाटी समजा. त्यात आठवड्याला जितका वेळ सहज निघेल तितकाच घाला, आणि हातातलं शिवणकाम, शेळ्या, दूध यातलं काही सोडू नका. त्यासाठी कर्ज काढून महागडा फोनही घेऊ नका.

आमच्या गटानं आता एक ठराव केला आहे. फोनवरून कुणीही पैसे मागितले, रक्कम शंभराची असो की हजाराची, ते देण्याआधी दोघींना तरी सांगायचं. आणि करार असेल तर शेवटचं पान आधी वाचायचं. तुमच्याही पुढच्या बैठकीत हा विषय काढा. तुमच्यातली एखादी वहिनी आत्ता गप्प बसून नोटिशीची वाट पाहत असेल, तर तिला आज सांगा की ती एकटी नाही आणि १९३० ला फोन तुम्ही तिच्याशेजारी बसून लावा.